जत्रेतला आरसा कुठे लावावा?

जत्रेतले ते आरसे आठवतात ना? एकात आपण भोपळ्यासारखे फुगतो, दुसऱ्यात शेवग्याच्या शेंगेसारखे लांबतो. असा जुना आरसा कुठे भंगारात दिसला तर जरूर घ्या, असंच मी सांगेन. घरचे नाक मुरडतील, मुरडू देत. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या गोळा केल्या. १९६२ साली तो सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. आज राजा केळकर संग्रहालय बघायला लोक लांबून येतात. या कामात पत्नी कमलाबाईंची साथ होती, हे आपण बायकांनी तरी लक्षात ठेवायला हवं.

जुना आरसा म्हणजे जाड, वाकवलेली काच आणि मागून चांदीचा थर. (आपण मात्र अजून 'पारा उडाला' असंच म्हणतो!) आता बहुतेक अ‍ॅक्रिलिक नाहीतर चकचकीत पत्रा असतो. गंमत सगळी वाकण्यात आहे. काच उभ्या पिंपासारखी बाहेर फुगलेली असली की आपण सडपातळ दिसतो, तेच पिंप आडवं केलं की बुटके! कोपऱ्यात काळे डाग असतील तर राहू द्यावेत. नवा थर चढवला की त्याचं जुनेपण गेलंच. आणि आमच्या भिवंडीतल्यासारख्या पावसाळ्यात ओलीच्या भिंतीला टेकवू नये.

माझा आक्षेप आहे तो दिवाणखान्याला. चैत्रात वज्रेश्वरीच्या जत्रेला जावं, अशा आरशांपुढे सासू-सून एकमेकींच्या अंगावर पडून हसतात. सगळ्याच वेड्यावाकड्या, मग लाज कुणी कुणाची काढायची? घरात तसं होत नाही. तिथे एकटी पाहुणी आरशापुढे उभी आणि बाकीचे सोफ्यावर बसून बघणार. एका घरी आठवीतली मुलगी अशीच उभी होती. कुणीतरी म्हणालं, "अगं, तू तर आरशाबाहेरही अश्शीच!" सगळे हसले. तीही हसली. पण ताटातली पुरी तिने तशीच ठेवली.

वस्तीतल्या मुलींमध्ये काम करताना हे फार जाणवतं. फोनमधला फिल्टर गाल बारीक करतो, रंग उजळवतो आणि तोच चेहरा खरा वाटायला लागतो. मग सकाळचा नाश्ता बंद. जत्रेतला आरसा निदान उघड उघड खोटं बोलतो. तेव्हा या मुलींना तो दाखवायलाच हवा, पण घोळक्यात, मैत्रिणींच्या बरोबरीने.

म्हणून म्हणते, घेतलेला आरसा बालवाडीत किंवा महिला मंडळाच्या खोलीत लावा. भिंतीला पक्का ठोका, कडांना रबराची पट्टी मारा आणि खाली, तीन फुटांच्या पोरांना दिसेल इतक्या उंचीवर ठेवा. मोठ्यांना वाकावं लागेल, वाकू देत.