टेव्हिंटरमधले गुलाम कुठे गेले?

‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’ हा खेळ 31 ऑक्टोबर 2024 ला आला. आधीचा भाग 2014 चा. म्हणजे दहा वर्षं थांबलो. गेल्या महिन्यात भाच्याच्या कॉम्प्युटरवर तो पूर्ण केला आणि तेव्हापासून जो भेटेल त्याच्याशी भांडतोय. घरात आता कुणी ऐकत नाही, म्हणून इथे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी : रोल-प्लेइंग गेममध्ये आपण एका पात्राच्या अंगात शिरतो, त्याच्या वतीने बोलतो, निर्णय घेतो. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने 2009 साली मालिकेचा पहिला भाग, ‘ओरिजिन्स’, काढला. तो सुरुवातीलाच विचारतो, तू जन्मलास कुठे? मी शहरातला एल्फ निवडला. लांब कानांची ही जमात डेनेरिम शहरात भिंतीआडच्या वस्तीत राहते, माणसांच्या घरी नोकर म्हणून राबते. गोष्ट सुरू होते लग्नाच्या दिवशी, आणि सरदाराचा पोरगा दोस्तांना घेऊन येऊन नवऱ्या उचलून नेतो. पुढे त्याच वस्तीत साथ पसरते, परदेशी हकीम येतात, लोकांना तपासायला आत घेतात. ते हकीम नसतातच. टेव्हिंटर साम्राज्याचे गुलामांचे व्यापारी असतात.

त्या दिवसांत मी भाड्याने खोली शोधत होतो. एका कॉलनीत मालकाने चहा पाजला, नाव विचारलं, आणि मग त्याला आठवलं की खोली कालच दिलीय. रात्री खेळाच्या पडद्यावर ती वस्ती बघितली आणि वाटलं, कॅनडातल्या माणसाला हे कुणी सांगितलं?

बुटक्यांच्या ओरझामार शहराचं प्रकरण तर अजून विद्यार्थ्यांना गोष्ट म्हणून सांगतो. तिथे जातिव्यवस्था आहे. जातीबाहेरच्यांच्या तोंडावर गोंदून ठेवतात. राजा निवडायचा असतो. हॅरोमाँट सभ्य, शब्दाचा पक्का. बेलेन कपटी, भावाच्या जिवावर उठलेला. मी अर्थातच सभ्य माणसाला गादी दिली. शेवटी कळतं की सभ्य राजाने जातीचे नियम आणखी आवळले. बेलेन आला असता तर त्या गोंदलेल्यांना थोडी मोकळीक मिळाली असती. मी दोन दिवस अस्वस्थ होतो. बीएडच्या अख्ख्या वर्षात मला असा प्रश्न कुणी घातला नव्हता.

आता नवा भाग. कथा घडते खुद्द टेव्हिंटरमध्ये. पंधरा वर्षं ज्या देशाचं नाव गुलामांच्या बाजारामुळे ऐकलं, तिथे एकदाचे पोचलो. मी एल्फच घेतला. राजधानी मिनराथसमध्ये हिंडलो. गुलामी विरोधात लढणारी एक संघटना आहे, गुलामीबद्दल बोललं जातं. पण ती दिसत मात्र नाही. गुलाम ठेवणाऱ्या शहरात मी लांब कान घेऊन फिरतोय आणि सगळे अदबीने वागतायत! भाचा मागे बसला होता, तो म्हणाला, “मामू, इसमें तो कोई बुरा बोलताइच नै.”

अँटिव्हाचे क्रो बघा. ‘ओरिजिन्स’मधला झेव्हरान त्यांच्यातलाच, लहानपणी विकत घेऊन मारेकरी बनवलेला. नव्या भागात तीच टोळी म्हणजे शहरासाठी लढणारं प्रेमळ कुटुंब. विकत घेतलेली पोरं गेली कुठे? उर्दूच्या मास्तरला इथे ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ आठवणारच. पहिल्या चार जिल्द मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिल्या, पुढच्या अहमद हुसैन कमर यांनी. लेखक बदलला, पण अम्र अय्यार लोभी आणि लबाडच राहिला. त्याला कुणी सज्जन केलं नाही.

इंटरनेटवर या खेळाला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत. ताश नावाचं एक पात्र स्वतःला बाई किंवा पुरुष म्हणवत नाही, एवढ्यावरून खेळ येण्याआधीपासून आरडाओरडा झाला. खेळात राजकारण घुसवलं म्हणे. मला त्या रांगेत उभं करू नका. एखाद्याच्या असण्यालाच राजकारण म्हणायची ही रीत आमच्या चांगली ओळखीची आहे. माझी तक्रार नेमकी उलटी आहे : राजकारण कमी पडलंय. ज्यांना दुखावलं जातं त्यांना जागा दिली, पण दुखावणारेच गोष्टीतून काढून टाकले. मग माझा एल्फ कशासाठी लढतोय?

शिवाय विसराळूपणा. 2014 च्या भागासाठी आधीच्या दोन्ही भागांतले निर्णय एकेक करून नोंदवता यायचे. आता तीनच गोष्टी विचारतात, त्याही फक्त मागच्या भागातल्या. त्यातली एक म्हणजे प्रेम कुणावर केलं. ओरझामारच्या गादीवर कोण बसलं, कुणाला पडलेली नाही. मला मात्र पडलेली आहे. ती चूक माझी होती.

लढाया झकास आहेत, शेवटचे काही तास तर उत्तमच, तेवढं कबूल. 2025 च्या सुरुवातीला मालक कंपनी ईएने सांगितलं की खेळ सुमारे 15 लाख लोकांपर्यंत पोचला, अपेक्षेच्या जवळपास निम्मा. कंपनीच्या प्रमुखांनी त्यावरून काय काढलं, तर लोकांना हल्ली सगळ्यांनी मिळून खेळायच्या सोयी हव्या असतात. अहो, हाच खेळ मधल्या काळात तसा बनवायला घेतला होता आणि सोडून दिला होता ना?

भाच्याला जुना ‘ओरिजिन्स’ लावून दिलाय. वस्तीतल्या एल्फपासून सुरू कर, एवढंच सांगितलं. परवा रात्री खोलीतून हाक आली, “मामू, ये हकीम लोगां सच्चे है क्या?”

मी उत्तर दिलं नाही.