कासवाच्या रक्तातलं ‘बलकाचं प्रोटीन’ काय सांगतं?

फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला ‘बागेश्री’ या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावला. ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. टॅगमुळे ठिकाण कळलं, तब्येत नाही.

त्यासाठी रक्त तपासावं लागतं. अंडी तयार होताना इस्ट्रोजेनमुळे मादीच्या यकृतात व्हिटेलोजेनिन हे प्रोटीन बनतं. ते रक्तातून अंडाशयात जातं आणि त्यापासून बलक तयार होतो. पिल्लाची शिदोरीच ती!

नराच्या किंवा लहान कासवाच्या रक्तात मात्र हे प्रोटीन जवळपास नसतंच. तिथे ते सापडलं तर संशय प्रदूषणावर जातो. काही कीटकनाशकं आणि डिटर्जंटमधले काही घटक शरीरात इस्ट्रोजेनसारखे वागतात. आणि ‘समुद्राचा कोल्हापूरशी काय संबंध?’ असं वाटत असेल, तर आपली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला.

मेख वेगळीच आहे. किनाऱ्यावर अंडी घालायला फक्त माद्या येतात, नर समुद्रातच राहतात. त्यामुळे त्यांचं रक्त मिळण्याची संधी बहुतेकदा एकच: जाळ्यात अडकलेल्या किंवा जखमी कासवावर उपचार करताना.