बटाट्याचें नत्र

गेल्या कार्तिकी एकादशीस आमच्या घरीं बटाट्याचा कीस फसला. आंबेगांव तालुक्यांत सातगांव पठारावर आमचे मावसबंधू शेती करतात. त्यांनीं खरिपाच्या नव्या बटाट्यांचें एक पोतें प्रेमानें धाडलें होतें. बटाटे दिसण्यांत मोठे व तुकतुकीत. पण कढईंत पडतांच त्यांना पाणी सुटलें आणि किसाचा लगदा झाला. आमच्या सौभाग्यवतींनीं मिठाचें पाणी करून त्यांची परीक्षा घेतली. अकरा वाट्या पाण्यांत एक वाटी मीठ विरघळविलें असतां पिठूळ बटाटा तळाशीं जातो व पाणचट तरंगतो. त्या पोत्यांतले बहुतेक तरंगले!

पुढें मावसबंधू स्वतःच आले, तेव्हां हा विषय निघाला. “वहिनी, पीक असें माजलें होतें कीं वरंबे दिसत नव्हते,” असें ते अभिमानानें म्हणाले. एकरीं युरिया किती घातला, असें आम्हीं विचारलें. लागवडीच्या वेळीं दोन गोण्या व पुढें एक, असें उत्तर आलें. पावसाची झड फार झाली म्हणजेही कंद पाणचट होतो, हें आम्ही जाणतों. तथापि किसाचें कोडें मुख्यतः येथें उलगडतें, असें आमचें मत आहे.

वाचकांनीं आमच्याबरोबर थोडा हिशेब करावा. बटाट्यांत शेंकडा सुमारें दोन भाग प्रथिन असतें, व प्रथिनाचा जवळजवळ सहावा हिस्सा नत्र. म्हणजे एक टन बटाट्यांबरोबर शेतांतून सुमारें तीन किलो नत्र बाहेर पडतें. मावसबंधूंना एकरीं आठ टन उत्पन्न झालें. त्यांत चोवीस-पंचवीस किलो नत्र गेलें. उलट ४५ किलोच्या तीन गोण्या म्हणजे १३५ किलो युरिया, व त्यांत शेंकडा ४६ प्रमाणें ६२ किलो नत्र! शेणखतांतलें व मिश्रखतांतलें वेगळेंच. पाल्यानें आपला वांटा घेतला, व तो कुजून पुन्हां जमिनींत जाईल, हें खरें. पण उरलेलें गेलें कोठें?

नत्र मुबलक मिळालें कीं झाड आधीं पाला वाढवितें. कंद धरण्याचा व त्यांत पिष्ट भरण्याचा काळ मागें पडतो, साल कोंवळी राहते, आणि असा माल साठवणींत टिकत नाहीं. त्यांतून बटाट्याचीं मुळें उथळ; बहुतेक एक-दीड हाताच्या थरांतच पसरतात. शिवाय लागवडीनंतर पहिले दोन-तीन आठवडे कोंब बेण्याच्याच शिदोरीवर वाढतो. बाहेरचें नत्र त्यास फारसें लागत नाहीं, आणि आपण नेमका तेव्हांच मोठा हप्ता देऊन मोकळे होतों!

ओल्या, उबदार मातींत युरियाचा थोड्याच दिवसांत अमोनिया होतो. खत उघडें राहिलें तर त्यांतील कांहीं भाग हवेंत उडतो. उरलेल्याचें मातींतले सूक्ष्म जंतू नायट्रेट करतात. अमोनियाला चिकणमातीचे कण धरून ठेवतात, नायट्रेटाला धरीत नाहींत. आषाढाची झड लागली कीं तें मुळांच्या आवाक्याखालीं उतरतें. पाणी सांचून मातींतली हवा कोंडली, तर दुसऱ्या जातीचे जंतू त्यापासून नायट्रस ऑक्साइड वायु करतात; शंभर वर्षांच्या मापानें हा वायु कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवितो. ज्या नत्रासाठीं १९०९ मध्यें फ्रिट्झ हाबर यांनीं कार्ल्सरूहे येथें हवेंतून अमोनिया काढून दाखविला, व १९१३ मध्यें ओपाऊ येथें त्याचा कारखाना उभा राहिला, तें असें सरीवाटे वाहून जावें!

हानि केवळ पैशाची असती तर आम्हीं हें लिहिलें नसतें. मार्गशीर्षांत आम्ही तेथें गेलों, तेव्हां मावसबंधूंची नात चार महिन्यांची होती. अंगावरचें दूध पुरत नसल्यामुळें तिला भुकटीचें दूध देत, व त्यासाठीं पाणी घराच्या विहिरीचें. ती विहीर शेताच्या उताराला आहे. आमच्या आग्रहावरून पाणी तपासविलें. नायट्रेट मर्यादेबाहेर निघालें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत तें लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावें. सहा महिन्यांच्या आंतील बालकाच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति त्यामुळें कमी होऊं शकते, आणि अंग निळसर पडतें.

“पण मामंजी, मी रोज पाणी चांगलें उकळून घेत होतें,” सूनबाई म्हणाल्या. उकळल्यानें जंतू मरतात, नायट्रेट जात नाहीं. पाणी आटतें तसें तें उलट दाट होतें. हें सांगतांना आम्हांसच अवघड वाटलें. मुलीस सुदैवानें कांहीं झालें नाहीं, व तिचें पाणी आतां दुसरीकडून येतें. सारा दोष युरियावर ढकलणेंही न्यायाचें नव्हे. गोठा व शौचकूप विहिरीपासून फार दूर नाहींत.

युरियाची गोणी सुमारें २६६ रुपयांस मिळते; पोटॅशची तिच्या कित्येक पट. वस्तुतः बटाट्यास नत्राहून पालाशच अधिक लागतो. परंतु स्वस्त वस्तूवर हात सैल सुटतो. येत्या खरिपांत मावसबंधूंनीं चार सऱ्या वेगळ्या राखण्याचें कबूल केलें आहे. त्यांत एकरीं दोन गोण्यांच्या मानानेंच नत्र द्यावयाचें, व शेणखताचा आणि मिश्रखताचा हिशेबही त्यांतच धरावयाचा. लागवडीस थोडें, उरलेलें महिन्यानें मातीची भर देतांना, मातींत झांकून. पुढें पाला जरा फिका दिसला म्हणून मूठभरही अधिक नाहीं.

मावशींना हें मुळींच पटलेलें नाहीं. हिरवें शेत मुद्दाम फिकें करावयाचें, हें त्यांना भलतेंच वाटतें, आणि तसें त्या येतांजातां बोलूनही दाखवितात. नवरात्राच्या सुमारास त्या चार सऱ्यांचे बटाटे वेगळ्या पोत्यांत भरून आमच्याकडे यावयाचे आहेत. मिठाच्या पाण्याचें पातेलें तयार असेल.