सदाफुली आणि मुंग्या

यंदा वहिनींनी रांगोळी काढली नाही. “चिमटीत रांगोळी आहे की नाही तेच कळत नाही हो, भावजी!” लसिकाग्रंथींचा कर्करोग हटला, औषध मात्र बोटांत मुंग्या ठेवून गेले.

औषध व्हिन्क्रिस्टिन. आपल्या कुंपणावरच्या सदाफुलीतून निघालेले. अमेरिकेत १९६३ साली त्याला मान्यता मिळाली. पेशींतल्या ज्या सूक्ष्म नळ्या बिघडवून ते कर्कपेशींचे विभाजन थांबवते, त्याच नळ्यांवरून मज्जातंतूंची रसद चालते. सर्वांत लांब तंतूंची आधी उपासमार! म्हणून हातापायांची टोके.

संशोधक हेच औषध उंदरांना टोचतात, त्यांना जाळीवर ठेवतात आणि खालून तळपायाला नायलॉनचा केस टेकवतात. (युक्ती जर्मनीच्या फॉन फ्रायची, तो घोड्याचे केस वापरी.) एरवी ज्या स्पर्शाची उंदराला पर्वा नसते, त्यानेच तो पाय झटकतो. झटकला की वेदनेची नोंद झाली. पण बधिरपणाचे काय? पाय न झटकणारा उंदीर बरा झाला, की बधिर? उंदरांना मानवलेली बरीच औषधे माणसांत फिकी पडली, त्यात नवल ते काय! अशाच इतर औषधांनी होणाऱ्या वेदनेवर ड्युलॉक्सेटिनने २०१३ मध्ये थोडा उतार दाखवला, इतकेच.

वहिनींना विचारले, नक्की होते तरी काय?

“हातमोजे घालून भात कालवल्यासारखं वाटतं.”