वारसा भाषणात, बंब भंगारात!

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. नगाऱ्याच्या आकाराची ही वास्तू ज्या समाजाची आहे, त्याने आपल्या मागे ना किल्ले ठेवले, ना वाडे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून त्याने देश पालथा घातला. तांडा उठला की मागे उरे ती तीन दगडांची चूल आणि राख. पुढे आगगाडी आली आणि लमाणांचा व्यापार बुडाला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने भटक्या समाजांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तरीही या समाजाने आपली स्मृती जपली आणि सेवालाल महाराजांच्या समाधीच्या सान्निध्यात ती एका छपराखाली आली.

ज्यांच्याजवळ दगडविटांचा वारसा नव्हता, त्यांनी हे साधले. ज्यांच्याजवळ महापालिका आहे, अंदाजपत्रक आहे, वारसा समित्या आहेत, त्या शहरांचे काय? आयुष्यभर आगीशी झुंजलेले त्यांचे जुने अग्निशामक बंब निवृत्त झाले की त्यांच्या नशिबी काय येते? आगाराचा कोपरा, पावसाळ्यांचा गंज, 'निर्लेखनाचा प्रस्ताव' आणि वजनावर लिलाव!

इतिहास लोखंडाचा नव्हे, माणसांचा

मुंबईचे अग्निशमन दल १८८७ पासून महापालिकेच्या छत्राखाली आहे. घोड्यांनी ओढायच्या बंबांच्या जागी पहिला मोटारबंब आला तो १९०७ साली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि त्याच जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. जवान आगीला पाठ दाखवून पळाले नाहीत. जहाज फुटले तेव्हा ते तेथेच होते. दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. १४ एप्रिल हा दिवस आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. ही परंपरा खंडित झालेली नाही. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील 'गोकुळ निवास' कोसळले आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांनी प्राण गमावले.

वर्षातून एकदा पुष्पचक्र वाहिले की या बलिदानाचे ऋण फिटते काय? हुतात्म्यांची नावे शिळेवर कोरायची, आणि ज्या बंबांवर उभे राहून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शहर वाचवले ते मात्र भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायचे, या वृत्तीला कृतज्ञता म्हणता येत नाही. पितळी घंटा, हाताने फिरवायची शिडी, उघड्या बाकावर वाऱ्यापावसात बसलेले जवान यांची कल्पना शालेय मुलाला पाठ्यपुस्तकातील परिच्छेदाने येणार नाही. ती त्या वाहनाजवळ उभे राहूनच येईल.

पंधरा आणि पन्नास

आता कायद्याची गंमत पाहावी. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ऐतिहासिक वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले खासगी वाहन असेल तर त्याला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. स्वागतार्ह निर्णय! परंतु जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने असेही ठरवले की, शासकीय वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतनीकृत होणार नाही, आणि त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत भंगार केंद्रामार्फतच लावायची. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेला हा नियम महापालिका, नगरपालिका आणि पंचायतींनाही लागू आहे. त्यातून सूट आहे ती संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या विशेष वाहनांना.

याचा अर्थ काय झाला? धनिकाच्या बंगल्यातील मोटार पन्नाशी गाठून 'वारसा' होईल. जनतेच्या पैशातून घेतलेला, जनतेसाठी आगीत शिरलेला बंब मात्र पंधराव्या वर्षीच मोडीत निघेल. पन्नाशी गाठायची तर आधी सोळावे वर्ष पाहावे लागते, हे साधे गणित फायलींवर शेरे मारणाऱ्यांना कोणी सांगावे? धूर ओकणारी वाहने रस्त्यावरून हटावीत याबद्दल दुमत नाही. पण संग्रहालयात उभे राहणारे वाहन धूर ओकत नाही. नियमात एका ओळीची सवलत घातली तर पर्यावरणाचे काहीही बिघडणार नाही.

आक्षेपांचे उत्तर

पहिला आक्षेप पैशाचा. 'नव्या बंबांनाच निधी पुरत नाही, जुने कसले सांभाळता?' हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. नवा बंब आणि जवानांची सुरक्षा-साधने यांचा अग्रक्रम कोणीही नाकारणार नाही. परंतु भंगाराच्या भावाने विकलेल्या एका जुन्या वाहनातून नवा बंब येत नसतो. शिवाय प्रत्येक वाहन जपा, असे कोण म्हणतो? एका बनावटीचे, एका कालखंडाचे एक वाहन जपावे. बाकीची खुशाल मोडीत काढावीत, मात्र त्यांचे उपयोगी सुटे भाग जपलेल्या वाहनासाठी आधी काढून ठेवावेत.

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींकडून येतो. 'ही तर विलायती यंत्रे! गुलामीच्या खुणा कशाला मिरवायच्या?' यंत्र विलायती असेल, परंतु ज्या घरांवर त्याने पाणी मारले ती घरे आपली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जॉन मॉरिस कंपनीचा १९१४ सालचा बंब आहे. तो निजामाच्या रेल्वेसाठी आला होता. निजामाची राजवट गेली, बंब राहिला, आणि तो पाहताना कोणाच्या मनात निजामाबद्दल भक्ती दाटून येत नाही. 'बंब' हा शब्द तरी कोठला? तोही पोर्तुगीजांकडून आला आणि मराठी घरात पाणी तापवू लागला. त्या घरगुती तांब्याच्या बंबाचीही हीच कथा नाही काय? मध्यमवर्गीयांनी तो मोडीत दिला, आणि आज तोच शोभेची वस्तू म्हणून दुकानात चढ्या भावाने मांडलेला पाहून हळहळतात.

शहरेही अशीच हळहळतात. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. अर्धशतक उलटल्यावर नव्या पिढीला ट्राम दाखवावी असे वाटले, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या भाटिया बागेत ठेवण्यासाठी डबा आणावा लागला तो कोलकात्याहून! स्वतःचे फेकायचे आणि पुढे दुसऱ्याचे आणून बागेत मांडायचे, या व्यवहाराला शहाणपण म्हणत नाहीत.

करायचे काय?

निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही होण्यापूर्वी वाहनाची बनावट, वर्ष आणि सेवेची नोंद तपासली जावी. तपासणाऱ्यांत निवृत्त जवान आणि यांत्रिक असावेत. कोणता पंप कसा चालतो, शिडी कोठे अडते, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. ते हात गेले की ती विद्याही गेली. म्हणून त्यांच्या आठवणी आजच नोंदवून घ्याव्यात.

आणखी एक. जुना बंब चौकात चौथऱ्यावर चढवून, त्याला लाल तैलरंग फासून, फीत कापून मोकळे होण्याची प्रथा बंद व्हावी. उन्हापावसात उभे केलेले वाहन म्हणजे हप्त्याहप्त्याने काढलेले भंगार. त्याला छप्पर हवे, देखभाल हवी, आणि शक्य तेथे ते चालू स्थितीत हवे. दरवर्षी १४ एप्रिलला घंटा वाजवीत तो बंब शहरातून फिरला, तर शंभर भाषणांनी होणार नाही ते संस्कार एका फेरीने होतील.

पोहरादेवीने दाखवून दिले आहे की, वारसा जपायला आधी श्रद्धा लागते, इमारत नंतर उभी राहते. नगरसेवकांना, आयुक्तांना आणि पालकमंत्र्यांना हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक करदात्या कुटुंबाला आहे. आपल्या गावच्या अग्निशमन केंद्रात जाऊन मागच्या अंगणात गवतात काय उभे आहे, ते एकदा पाहावे. लिलावाची तारीख ठरण्यापूर्वी पाहावे.