पत्ता कोणाचा, दोष कोणाचा?

आपल्या संगणकाच्या दारावर कोणी अनोळखी येऊन कडी वाजविली, तर त्याची खूण यंत्रांतील नोंदींत राहूं शकते. परंतु ती खूण नांवाची नसून आंकड्यांची असते. ह्या आंकड्यांस आय-पी पत्ता म्हणतात. तो कोणाकडे सोंपविलेला आहे हें शोधण्याची विद्या आपल्या मुलांस यावी, आणि तिची मर्यादाही त्यांस त्याच दिवशीं कळावी, असें माझें स्पष्ट मत आहे.

विद्या अवघड नाहीं. लिनक्स किंवा मॅक यंत्रावर टर्मिनल उघडावें, रोमन लिपींत 'हूइज' ही आज्ञा लिहावी, एक जागा सोडून पत्ता लिहावा व एंटर कळ दाबावी. लिनक्सवर आज्ञा नसल्यास ती प्रथम बसवून घ्यावी. ८.८.८.८ ह्या पत्त्याविषयीं विचारलें असतां गूगल कंपनीचें नांव येतें. 'हूइज' म्हणजे 'कोण आहे'. ह्या पृच्छेचा नियम अमेरिकेंत १९८२ सालीं लिहिला गेला. पत्त्यांच्या नोंदवह्या जगांतील पांच संस्थांकडे आहेत. आशिया व पॅसिफिक प्रदेशाची नोंदवही ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथील एपनिक संस्थेकडे आहे, आणि तिच्या हाताखालीं भारतासाठीं २०१२ पासून आयरिन ही संस्था काम करते.

तथापि उत्तर काय सांगतें आणि काय सांगत नाहीं, ह्याचा विवेक हवा. सातबाऱ्यावरून शेत कोणाच्या नांवें आहे तें कळतें. काल रात्रीं त्या शेतांतून कोण चालत गेला तें कळत नाहीं. हूइजचेंही तसेंच आहे. तेथें बहुधा कंपनीचें नांव असतें, वापरणाऱ्या मनुष्याचें नसतें. तेथील देशाचें नांव नोंदीचें असतें. यंत्र भलत्याच देशीं असूं शकतें. ३२ बिटांचे पत्ते एकंदर सुमारें ४२९ कोटीच. त्यांचा मध्यवर्ती सांठा २०११ च्या फेब्रुवारींत संपला. म्हणून मोबाइल कंपन्या अनेक गिऱ्हाइकांस एकाच पत्त्याआड बसवितात. शाळेच्या जाळ्यावरील सारीं मुलेंही बाहेर बहुधा एकाच पत्त्यानें दिसतात. त्यांतील एकानें अश्लाघ्य मजकूर लिहिला, तर ह्या आज्ञेच्या बळावर दुसऱ्याकडे बोट दाखविणें हा उघड अन्याय होय. शिवाय ज्याच्या यंत्रावरून उपद्रव झाला, तो स्वतःच चोरट्यांचा बळी असण्याचा संभव असतो.

मग अशी अपुरी माहिती शिकवावी तरी कशाला, असें कोणी पालक विचारतील. उत्तर असें कीं, त्याच नोंदींत बहुधा तक्रारीसाठीं एक ई-मेल दिलेला असतो. तेथें तारीख, कालविभागासह वेळ आणि यंत्रांतील नोंदीचा उतारा सभ्य शब्दांत कळवावा. त्या वेळीं तो पत्ता कोण वापरीत होतें, हें कंपनीच्या दप्तरांतच सांपडूं शकतें. आणि तें दप्तर मागण्याचा अधिकार पोलिसांस व न्यायालयास आहे, शेजाऱ्यास नाहीं. गुन्हा गंभीर असेल तर त्यांच्याकडेच जावें.

विद्यार्थ्यांनो, ही आज्ञा शिका आणि निःशंकपणें वापरा. मात्र तिनें दिलेलें नांव तक्रार कोठें करावी हें सांगण्यासाठीं आहे. अपराधी कोण हें ठरविण्यासाठीं नाहीं.