दोन मिनिटांच्या सल्ल्याची फी

‘‘साहेब, एकच विचारायचं होतं. वडिलांचं घर विकतोय, टॅक्स किती बसेल?’’ तालुक्याच्या गावात एकट्याने कार्यालय चालवणाऱ्या कर सल्लागाराला असे फोन नवे नाहीत. विवरणपत्रांच्या दिवसांत तर जेवणाच्या ताटावरही ते येतात. विचारणारा बहुधा ओळखीचा असतो, आणि ओळखीच्या माणसाकडे पैसे कसे मागायचे, इथेच गाडी अडते.

प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तर तसं नसतं. वडिलांनी घर कधी आणि कितीला घेतलं, हे खरेदीखत पाहिल्याशिवाय कळत नाही. 1 एप्रिल 2001 पूर्वीचं घर असेल तर त्या दिवशीची किंमत धरता येते, पण तेव्हाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. घर 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं असेल, तर महागाई निर्देशांक न धरता 12.5 टक्के आणि निर्देशांक धरून 20 टक्के, असे दोन्ही हिशेब करून कमी भरेल तो कर द्यायचा. ही सवलत भारतातल्या रहिवाशालाच आहे. हिस्सेदार बहीण दुबईत राहत असेल तर तिचा हिशेब वेगळा. कर वाचवण्यासाठी नवं घर घ्यायचं तर विक्रीनंतर मुदत दोन वर्षांची, बांधायचं तर तीन वर्षांची. कर वाचवणाऱ्या रोख्यांत पैसे गुंतवायला सहाच महिने मिळतात.

एवढं सगळं फोनवर, कागद न बघता सांगणं म्हणजे अंदाज वर्तवणं. तो चुकला तर लाखाचा भुर्दंड विचारणाऱ्यालाच पडतो. म्हणून फी मागण्यात सल्लागाराचा स्वार्थ आहे, हे म्हणणं अर्धवट आहे. फी ठरली की कागद येतात, आकडेमोड होते, उत्तर लेखी मिळतं आणि त्याची जबाबदारी कोणावर तरी राहते.

मग फुकट काय द्यावं? नियम काय आहे, कोणते कागद लागतील, मुदत कधी संपते, एवढं मोकळ्या मनाने सांगावं. त्यातून विश्वास बसतो आणि नव्या सल्लागाराची बरीच कामं अशीच येतात. ‘तुमच्या बाबतीत किती?’ हा प्रश्न आला की फी सुरू, आणि ती आकडा उच्चारून, काम हाती घेण्याआधी सांगावी. पुढचं काम मिळालं तर ती रक्कम बिलात वळती करून द्यावी. मागाहून बिल पाठवण्याने जितकी नाती तुटतात, तितकी आधी सांगितलेल्या फीने तुटत नाहीत.

फोनवरच्या सल्ल्याला फी घेणं अप्रशस्त वाटणाऱ्यांनी 25 मार्च 2020 ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं पाहावीत. दूरस्थ सल्ल्यासाठी डॉक्टर योग्य फी घेऊ शकतात आणि तिची पावती त्यांनी द्यावी, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे.

ज्याला खरोखर परवडत नाही, त्याच्यासाठी दार उघडं हवंच. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतील लोक अशा अनेकांना मोफत वकील मिळतो. स्त्रीच्या बाबतीत उत्पन्नाची अटही नाही. पण त्या वकिलाला मानधन सरकार देतं. एकट्या सल्लागारामागे असं कोणी नसतं. त्याने आठवड्यातली एखादी दुपार अशा लोकांसाठी राखून ठेवावी आणि तसा फलक लावावा. चेहरा पाहून माफी देण्यापेक्षा हे न्याय्य आहे.

जास्त सावध राहायचं ते पूर्ण फुकट सल्ल्यापासून. गुंतवणुकीचा असा सल्ला देणाऱ्याची कमाई अनेकदा योजनेच्या कमिशनमधून होते. म्हणूनच 2020 मध्ये सेबीने नियम कडक केले: नोंदणीकृत सल्लागाराने एकाच ग्राहकाच्या बाबतीत सल्ल्याची फी आणि योजना विकल्याचं कमिशन, असं दोन्ही घ्यायचं नाही.

घर विकायचं ठरलं असेल तर सल्लागाराला फोन करताना फी किती, हे आधी विचारा. मग खरेदीखत आणि वारस नोंदीचे कागद घेऊन प्रत्यक्ष जा, साठेखतावर सही करण्यापूर्वी.